गटात गेलं की मांडीवरून उतरतच नाही

पालक-बालक गटात, म्हणजे आईवडील लहान मुलांना घेऊन एकत्र जमतात आणि मुलं खेळतात अशा गटात, जाणाऱ्या आईवडिलांची एक तक्रार सारखी कानावर येते. बाकीची मुलं खेळतात, आमचं मात्र मांडीवरून हलत नाही, मग जायचं तरी कशाला? मूल दीड-दोन वर्षांचं असतं आणि या तक्रारीमागे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दबलेला असतो: आमचं काही चुकलं का?

अशाच एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा एकवीस महिन्यांचा. आठवड्यातून एकदा तासाभराचा गट. तीनदा गेली, चौथ्यांदा दारातूनच परत फिरली.

"घरी नुसता धिंगाणा घालतो हो. तिथे मात्र चिकटून बसतो. उतरवलं की रडतो आणि सगळ्या बघतात."

"मांडीवर असतो तेव्हा त्याची नजर कुठे असते?" मी विचारलं.

"नजर?" ती थांबली. "लक्षातच नाही आलं. मी त्या बायकांकडेच बघत होते."

पुढचं सगळं काम या एका वाक्यातून निघालं. मूल काय करत नाही याचा हिशेब तिच्याकडे चोख होता, ते काय करतंय याची नोंदच नव्हती. आणि इतर बायकांच्या चेहऱ्यांवर स्वतःचा निकाल शोधणाऱ्या आईचं अंग ताठलेलं असतं. मुलाला ते आधी कळतं.

तिला पुढच्या वेळेसाठी नेमकं सांगितलं. दहा मिनिटं आधी पोचा, म्हणजे गजबजलेल्या खोलीत एकदम शिरावं लागणार नाही, माणसं एकेक करून येताना त्याला दिसतील. खुर्चीवर नको, जमिनीवर भिंतीला टेकून बसा. त्याची पाठ तुमच्या छातीशी, तोंड खोलीकडे. हाताच्या अंतरावर एकच खेळणं ठेवा. फोन पिशवीत. "जा ना, खेळ ना" हे वाक्य पूर्ण बंद. तो स्वतः उतरला तर उतरू द्या, परत आला तर लगेच माघारी पाठवू नका. बाहेर जावं लागलं तर सांगून जा. डोळा चुकवून गेलात तर पुढच्या वेळी पकड दुप्पट घट्ट होते. आणि पहिली दहा मिनिटं फक्त त्याची नजर कुठे जाते ते बघा.

गटात जाऊन ती माझ्याकडे आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. "एक मुलगी घसरगुंडीवरून चेंडू सोडत होती. हा टक लावून बघत होता. मग बोट दाखवलं आणि वळून माझ्याकडे बघितलं! मी म्हटलं, हो, चेंडू पडला. तर परत बोट."

"उतरला का?"

"नाही. पण मला या वेळी राग नाही आला."

बोट दाखवून आईकडे वळून बघणं म्हणजे 'मला दिसलं ते तुलाही दिसलं ना' असं विचारणं. भाषेची आणि नात्याची मुळं त्यातच असतात. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी दाखवून दिलं, की जवळचं माणूस हाताशी आहे अशी खात्री असलेलं मूल जास्त मोकळेपणानं पुढे जाऊन धुंडाळतं. मांडीवरून ढकलून धीट करण्याचा प्रयत्न म्हणूनच उलटतो. संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये मुलांच्या खेळातल्या सहभागाचे प्रकार मांडले, त्यात नुसतं बघत राहणं हाही एक प्रकार आहे. या वयात मुलं बहुतेक वेळा शेजारीशेजारी आपापलं खेळतात. एकवीस महिन्यांच्या मुलानं 'मिसळावं' ही अपेक्षाच अवेळी आहे.

मात्र दीड वर्ष उलटूनही मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, एकही शब्द बोलत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर गटात रुळण्याची वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऐकण्याची तपासणी करून घ्या. तसंच आईचं किंवा वडिलांचं मन दोन आठवडे सलग खिन्न असेल, मूल झोपलं तरी यांना झोप येत नसेल, तर गट हा त्यावरचा इलाज नव्हे. डॉक्टरांशी बोला.

गट चालवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. "द्या इकडे, मी खेळवते" म्हणून मूल उचलून घेणारी ताई कितीही प्रेमळ असली तरी नुकसानच करते. आधी आईशी बोला, तेही नावानं. पालक आणि मूल अशा सहा ते दहा जोड्या पुरे. दारात दर वेळी तोच माणूस हवा, सुरुवातीला आणि शेवटी तेच गाणं. गटाची वेळ झोपेच्या वेळेवर येत असेल तर ते रडणं बुजरेपणाचं नसतं, पेंगुळलेपणाचं असतं. अशा वेळी गट बदलावा.

काही आठवड्यांनी मुलगा उतरला, चेंडू आणून आईच्या मांडीवर टाकला, परत गेला. "आणि त्या बघणाऱ्या बायका?" मी विचारलं. ती हसली. "शेजारचीचा मुलगा चावतो. ती बिचारी सगळा वेळ त्यालाच धरून असते." मग या दोघींनी गटाबाहेर आठवड्यातून एकदा भेटायचं ठरवलं. हे मी प्रत्येकीला सुचवते: खोलीत एक चेहरा आधीपासून ओळखीचा असला, की मुलाचा रुळण्याचा वेळ बराच कमी होतो.