मोटारीच्या बिडाच्या केसिंगला तडा गेलाय, एपॉक्सीने बुजेल का?

तुमच्या विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाच्या (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या) केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, पाणी फवारतंय, आणि घरची प्लास्टिकची टाकीही गळतेय. दोन्ही एपॉक्सीने जोडावं का, असं विचारलंय. केसिंगला बहुतेक वेळा हो, टाकीला नाही.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते वेल्डिंगला नाजूक. आधी तापवून, निकेलच्या रॉडने केलं तर जमतं. साधा रॉड लावला की शेजारीच नवा तडा जातो. म्हणून आमच्या जालन्याकडे मी अशा पंपाला आधी एपॉक्सीच सुचवतो. फक्त तडा फ्लँजच्या (पाईप जोडायच्या कडेच्या) बोल्टापर्यंत गेला असेल तर केसिंगच बदला, तिथला ताण एपॉक्सीला झेपत नाही.

पंप सोडवा, पूर्ण वाळवा. तड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलने बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने तड्यावरून व्ही आकाराची खाच घ्या आणि आजूबाजूचा दोन-तीन सेंटीमीटर रंग, गंज खरवडून खरखरीत धातू उघडा करा. थिनरने पुसल्यावर तिथे बोटसुद्धा लावू नका. बोटाचं तेल पुरतं जोड सुटायला.

एपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि त्याला कडक करणारा हार्डनर. हार्डनर जास्त घातला की लवकर आवळतं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि त्यानेच कितीतरी जोड वाया जातात. फायबरच्या पॉलिएस्टर रेझिनच्या कामात हार्डनर थोडा कमीजास्त चालतो, इथे मुळीच नाही. एपॉक्सीत हार्डनर रेझिनशी ठरलेल्या प्रमाणात बांधला जातो. उरलेला तसाच राहतो आणि जोड मऊ पडतो. पाकिटावरचं माप तंतोतंत घ्या. एमसीलसारखी पुट्टी असेल तर दोन्ही रंगांची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. हातात मोजे घाला. वारंवार कातडीला लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते.

उन्हाळ्यात काम सकाळी, सावलीत करा. तापमान १० अंशांनी वाढलं की कालवलेला माल हाताळायची वेळ साधारण निम्मी होते. २५ अंशांना तासभर टिकणारा माल ४२ अंशांना वीसेक मिनिटांतच आवळायला लागतो. लागेल तेवढाच कालवा. आधी पातळ थर खाचेत जोराने रगडा, मग वरून भरा.

आणि पुढे २४ तास मोटारीला हात लावू नका. रात्री थ्री फेज लाईट आली, रानात पीक सुकतंय, तेव्हा थांबणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. पण वरून नखाला कडक लागलं म्हणजे आतून पक्कं झालं असं नाही, आणि एकदा पाण्याच्या दाबाने उचललं की सगळं खरवडून पुन्हा सुरुवात.

टाकी पॉलिथिलीनची असते. तिला एपॉक्सी चिकटतच नाही, टाकी भरून फुगली की पापुद्र्यासारखी निघून येते. ती रिकामी करून वाळवा आणि त्याच प्लास्टिकच्या पट्टीने हॉट एअर गनवर वेल्डिंग करणाऱ्याकडून जोडून घ्या.