निकेलच्या जाळीपासून सुरुवात कर

पाण्यात वीज सोडून त्यातून हायड्रोजन काढायचाय ना? मग आधी मीठ बाजूला ठेव. मिठाच्या पाण्यात धन इलेक्ट्रोडवर, म्हणजे बॅटरीच्या + टोकाला जोडलेल्या पट्टीवर, क्लोरीन सुटतो, तोही विषारी. स्टेनलेस स्टीलची पट्टीही धन बाजूला नको. तिच्यातलं क्रोमियम विषारी रूपात द्रावणात उतरतं, पाणी पिवळं पडतं. निकेलची जाळी आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडी भाजणारा क्षार) घे, चष्मा-हातमोजे घालूनच.

खरी मेख आहे पृष्ठभागात. अमेरिकेच्या मरे रेनी यांनी १९२०च्या दशकात निकेल-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतलं अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात विरघळवलं. उरलं ते स्पंजासारखं सच्छिद्र निकेल. इलेक्ट्रोलायझरच्या, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राच्या, इलेक्ट्रोडवर तसा लेप आजही देतात, कारण तेवढ्याच जागेत वायू सुटायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. पण ते कोरडं झालं की हवेत पेट घेतं, म्हणून तू एवढ्यात त्याच्या वाटेला जाऊ नकोस. आत्ता जाळी स्वच्छ करायला शीक. धुतल्यावर पाण्याचा पापुद्रा सलग राहिला पाहिजे. थेंब गोळा झाले तर तेल उरलंय, पुन्हा धू.

पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला तत्त्वतःच साधारण ३९ युनिट ऊर्जा लागते, आणि तो जाळून त्याहून जास्त परत मिळत नाही. पाण्यावर गाडी पळवून दाखवतो म्हणणाऱ्याला हा हिशेब विचार. आणि हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन्ही वायू एका नळीत कधीच आणू नकोस. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने पेटतो.