कोळ्याची मादी नराला खातेच का? मग नर जातो कशाला?

दर वेळी खात नाही. बहुतेक जातींत नर जिवंत सुटतो. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचू नका.

आमचं वावर जंगलाला लागून. दिवाळीच्या सुमारास धुऱ्यावरच्या पळसापासून बोरीपर्यंत पिवळ्या धाग्याचं जाळं लागतं, मधोमध पंजाएवढी नेफिला जातीच्या कोळ्याची मादी. आमचे हे काविळीनं गेले, त्यानंतरच्या तिसऱ्याच महिन्यात कापसाची वेचणी होती. पंधरा बायांसमोर मोठ्या जाऊबाई जाळ्याकडं बोट करून म्हणाल्या, "पाय वं, हिनंबी नवरा खाल्ला दिसते." त्यातला 'बी' सगळ्यांना कळला. मी ओटी रिकामी करायला निघून गेले.

मग रोज भाकरी त्या जाळ्यापाशीच खाल्ली. त्यात तीन नर होते, तिन्ही जिवंत. गव्हाच्या दाण्याएवढे, तांबूस. जाऊबाई त्यांना पिल्लं समजायच्या! ती नाकतोडा खाण्यात गुंतली की एक जण तिच्या पाठीवर चढायचा, बारीक धागे टाकत फिरायचा. त्या धाग्यांनी ती शांत होते. नर आधी इवलंसं जाळं विणून त्यावर वीर्य टाकतो, ते तोंडाजवळच्या दोन आखूड हातांत भरून घेतो आणि मगच निघतो, हे पुढं पोराच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात सापडलं. भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी तर पुढचे पाय उचलून नाचून दाखवतो. तिला नाही आवडलं तर पळतो.

माझं म्हणाल तर वेचताना जाळं तोडू नका, बाजूनं जा. आणि 'नवरा खाल्ला' म्हणण्याआधी दवाखाना सोडून झाडपाल्याचा हट्ट कोणी धरला होता, ते आठवा.

हो, खाणाऱ्याही आहेत. जाळ्यावर नागमोडी नक्षी काढणारा कोळी आपल्याकडंही दिसतो, त्याच्या कुळात नर बरेचदा मादीच्या तोंडी जातो. पण त्याच कुळातल्या अमेरिकेतल्या एका काळ्या-पिवळ्या जातीत नराचा तसला दुसरा हात मादीच्या अंगात गेला की त्याचं हृदय आपोआप बंद पडतं. मादीनं काहीच केलेलं नसतं. नंतर कधी खाते, ते वेगळं.

हे जाऊबाईंना वाचून दाखव म्हणून पोराला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे न माय."