चाचणीत दोन गोल करूनही मुलगी दुसऱ्या संघात का जाते?

तुमचा प्रश्न असा आहे: दहा वर्षांची मुलगी गेल्या हंगामात क्लबच्या पहिल्या संघात होती, यंदाच्या निवड चाचणीच्या सामन्यात तिने दोन गोल केले, तरीही यादी लागली तेव्हा तिचे नाव दुसऱ्या संघात निघाले आणि क्लबकडून कारणाची एक ओळही आली नाही. मी बारा वर्षे या वयाच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षे निवडीच्या टेबलाशी बसते आहे, म्हणून तिथे प्रत्यक्षात काय घडते ते सविस्तर लिहिते.

आधी गोलांविषयी. चाचणीचे सामने घाईघाईने जमवलेल्या चमूंमध्ये होतात. समोरच्या गोलात उभी असलेली मुलगी कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच हातमोजे घालून उभी असते, आणि बचावफळीतल्या तिघींना एकमेकींची नावेही ठाऊक नसतात. अशा सामन्यातल्या गोलावरून फारसे काही ठरवता येत नाही, त्यामुळे जाणता मूल्यमापक चेंडू जिथे आहे तिथे कमी आणि चेंडू जिथे येणार आहे तिथे अधिक पाहतो. मागे एका चाचणीत माझ्यासमोर २७ क्रमांकाचा बिब घातलेली एक मुलगी होती. पास तिच्याकडे यायच्या आधी तिने दोनदा मान वळवून पाठीमागे पाहिले, पहिल्या स्पर्शातच चेंडू दडपणापासून दूर, मोकळ्या बाजूला घेतला आणि साधा चार पावलांचा पास दिला. पुढच्याच मिनिटाला तिच्या पायातून चेंडू गेला, तेव्हा ती हात झटकत उभी राहिली नाही, लगेच वळून मागे धावली. तासाभरात तिने एकही गोल केला नाही आणि टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत, पण आम्हा तिघांच्याही कागदांवर तिच्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढलेले होते.

यादी तयार होताना वरची पाच-सहा नावे पंधरा मिनिटांत ठरतात, कारण त्यांवर सगळ्यांचे एकमत असते. खरा वेळ जातो तो मधल्या दहा-बारा जणींवर, आणि त्यांच्यातले अंतर इतके थोडे असते की तीच चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली तर त्यातली चार नावे इकडची तिकडे होतील. तिथे मग गुणवत्तेखेरीज इतर गोष्टी निर्णय करतात: डाव्या पायाची बचावपटू संघात आहे का, गोलरक्षक एकच आहे की दोन, आघाडीला खेळू इच्छिणाऱ्या सहाजणी असताना मधल्या फळीत कोणाला उभे करायचे. तुमची मुलगी आघाडीला खेळत असेल, तर तिची स्पर्धा अख्ख्या वयोगटाशी नव्हती, त्या दोन-तीन जागांसाठी उभ्या असलेल्या मुलींशी होती.

या वयात खेळाचे स्वरूपही बदलते. अमेरिकेच्या नियमांत १० वर्षांखालील मुले ७ विरुद्ध ७ खेळतात, तर ११ आणि १२ वर्षांखालील ९ विरुद्ध ९. इंग्लंडमध्येही अनेक वर्षे हा बदल याच वयात होत आला. मैदान मोठे होते, पासची अंतरे वाढतात आणि गेल्या वर्षी नुसत्या वेगावर सुटून जाणाऱ्या मुलीला आता कधी थांबायचे आणि कधी धावायचे हे नव्याने शिकावे लागते. गेल्या वर्षीची जागा यंदा आपोआप राहत नाही ती यामुळे.

ज्या गोष्टीत आम्ही मूल्यमापक सर्वांत जास्त चुकतो, ती आहे शरीराची वाढ. वयोगटाला तारखेची मर्यादा असते. इंग्लंडमध्ये ती १ सप्टेंबर आहे, म्हणजे सप्टेंबरात जन्मलेले मूल आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल एकाच गटात येते, आणि दहाव्या वर्षी हे अकरा महिन्यांचे अंतर डोळ्यांना गुणवत्तेसारखे दिसते. १९८५ मध्ये कॅनडाच्या आइस हॉकीतील अभ्यासाने मर्यादेनंतर लगेच जन्मलेल्यांचीच निवड जास्त होण्याचा हा कल प्रथम ठळकपणे दाखवला आणि फुटबॉलमध्येही तो वारंवार आढळला आहे. मी स्वतः एका वर्षी यादी लावल्यानंतर जन्मतारखा ताडून पाहिल्या, तेव्हा पहिल्या संघातली बहुतेक मुले मर्यादेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली निघाली. ती यादी मी पूर्ण प्रामाणिकपणे केली होती, आणि म्हणूनच त्या संध्याकाळची अस्वस्थता अजून गेलेली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक क्रमांकापुढे जन्ममहिना लिहून घेते. शिवाय वाढीचा झपाटा मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी येतो, आणि त्या काळात लांबलेले पाय काही महिने ऐकत नाहीत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील क्लबांच्या अकादमींनी वयाऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले आहेत ते याचसाठी. फ्रेंच फुटबॉलपटू आंत्वान ग्रीझमानला लहान चणीमुळे फ्रान्समधील अनेक क्लबांनी नाकारले, तो स्पेनच्या रेआल सोसिएदादमध्ये घडला आणि २०१८ मध्ये फ्रान्ससाठी विश्वचषक जिंकला.

पक्षपात होतो का, हेही तुम्ही विचारले आहे. होतो. प्रशिक्षकाचे स्वतःचे मूल संघात असते, जुन्या ओळखी असतात. जिथे संघाचा प्रशिक्षक एकटाच यादी करतो तिथे तो अधिक होतो, आणि जिथे त्या संघाशी संबंध नसलेले दोघे-तिघे स्वतंत्रपणे गुण देतात तिथे तो बराच आटोक्यात राहतो. तुमच्या क्लबमध्ये कोणती पद्धत आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता पुढे काय. अमेरिकेत ९ विरुद्ध ९ च्या संघात जास्तीत जास्त १६ नावे ठेवता येतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या संघात कोणत्याही क्षणी सातजणी बाकावर असतात. पहिल्या संघातल्या शेवटच्या मुलीच्या पायाला सामन्यात किती वेळा चेंडू लागत असेल याचा विचार करा, आणि दुसऱ्या संघात मधल्या फळीत पूर्ण वेळ खेळणाऱ्या मुलीशी तुलना करा. दहाव्या वर्षी मी माझ्या मुलीसाठी विनासंकोच दुसरी जागा निवडेन, अट एवढीच की तिथला प्रशिक्षक शिकवणारा असावा.

यादी लागली त्याच आठवड्यात क्लबला लिहू नका, थोडे दिवस जाऊ द्या. मग प्रशिक्षकाला भेटून विचारा की तो तिला कोणत्या जागेवर पाहतो, येत्या तीन महिन्यांत तिने नेमकी कोणती एक गोष्ट सुधारावी, आणि हंगामाच्या मध्यात फेरमूल्यमापन होते का, होत असेल तर कधी. अनेक क्लब दुसऱ्या संघातल्या मुलींना आठवड्यातून एकदा पहिल्या संघाच्या सरावाला बोलावतात, तेही विचारा. या भेटीत मुलीला सोबत न्या आणि पहिला प्रश्न तिलाच विचारू द्या. नेमकी उत्तरे मिळाली, तर हंगामभर तिथेच राहा. प्रत्येक प्रश्नाला नुसते ‘बघू’ असे उत्तर आले, तर पुढच्या वर्षी आणखी एका क्लबच्या चाचणीला तिचे नाव द्या.