सीडी प्लेअर राहू द्या, मार्चचा हप्ता आधी थांबवा

डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र. वय 44, मुलगी नववीत, घरखर्च महिना साठ हजार. घरी पंचवीस वर्षांचा मरांट्झ सीडी प्लेअर आहे. लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर म्हणतो, ऑप-अँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप), कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), क्लॉक (ठोका देणारा भाग) बदलू, आवाज खुलेल, 45 हजार. विचारतात, करू का? शेवटी सहज एक ओळ: 'पैशांचं टेन्शन नाही. बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी एफडी करून दिलीय, वर्षाला लाख, दहा वर्षं; पंधराव्या वर्षी 15 लाख.' सोबत कागदांचे फोटो.

प्लेअरचं लगेच उरकतो. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात, ते बदलणं योग्यच. त्याआधी लेन्स साफ करून घ्या, ट्रेचा बेल्ट बघा. ऑप-अँप सॉकेटवर बसवून घेतलात तर काही शे रुपयांत दोन-तीन ऐकून बघता येतील. क्लॉकवर हजारो घालू नका. सीडीवरची नोंद मुळात 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ एवढ्याच मापाची, त्यावर नसलेलं कुठलाच सुटा भाग आणून देत नाही. चार-पाच हजारांत भागवा. विकताना यातलं काही वसूल होत नाही.

आता तो कागद. एफडीवर 'लाइफ अशुअर्ड' लिहिलेलं नसतं हो! आणि दरवर्षी हप्ता मागणारी एफडी मी तरी पाहिलेली नाही. ही विमा पॉलिसी आहे. दहा लाख भरून पंधराव्या वर्षी 15 लाख म्हणजे परतावा जेमतेम चार टक्के. तेच पैसे सुरुवातीपासून पीपीएफमध्ये गेले असते तर सध्याच्या 7.1 टक्क्यांनी 21 लाख झाले असते. मॅनेजरसाहेबांना कमिशन मिळालं, तुम्हाला 'दीडपट'चा आनंद.

दोन हप्ते गेलेत, तिसरा मार्चमध्ये. तुम्हीच पाठवलेल्या पानावर आता सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडल्यास, 30 टक्के परत, असं आहे. म्हणजे दोन लाखांतले 60 हजार हातात. पोटात गोळा येईल, तरी पुढचं गणित बघा. हे 60 हजार आणि उरलेले आठ हप्ते तुमच्या पीपीएफ खात्यात गेले, दर हाच राहिला, तर पॉलिसी संपायच्या वर्षी साधारण 17 लाख. पॉलिसीचे 15. बुडालेले 1 लाख 40 हजार धरूनही तुम्हीच पुढे. आणि 'पण भरलेत ना' म्हणून भरत राहायचं?

याहून मोठी चूक वेगळीच. याच पॉलिसीचं दहा लाखांचं कव्हर, बाकी विमा शून्य. उद्या तुम्ही नसलात तर दीड वर्षही निघणार नाही. एक कोटीची साधी टर्म पॉलिसी (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) आधी घ्या, मेडिकल होऊन ती हातात येऊ द्या, मगच ही सोडा. पेड-अपचा, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी किती मिळतील तो आकडाही लेखी मागा. मागणी विमा कंपनीच्या शाखेत द्या, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये नको. तिथे चहा मिळेल आणि दुसरी 'एफडी'.

पेड-अपचा आकडा आला की मला पाठवा. तोवर कारागिराला फक्त कपॅसिटरचं सांगा.