आहार-सल्ला: कुकी आइस्क्रीम रोज चालेल का?

प्रश्न: ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे, ट्यूशनवरून येताना रोज कुकी-आइस्क्रीम सँडविच मागते. दूध असतं ना त्यात, मग चालेल ना? आणि घरी सेराडुरा (क्रीम-कंडेन्स्ड मिल्क नि मारी बिस्किटांच्या चुऱ्याचे थर असलेलं थंड पुडिंग) केला तर तो बरा का?
एक आई, म्हापसा

उत्तर: रोज नको हो. आधी पाकीट उलटं करून बघा, 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असेल तर त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं, साध्या आइस्क्रीमला मात्र किमान 10 टक्के दुधाचं फॅट लागतं. 100 ग्रॅम आइस्क्रीममध्ये साधारण 200 कॅलरी, पण खरी गोम कुकीत आहे, तिच्या 100 ग्रॅमात 480 च्या आसपास, कारण सगळा मैदा, साखर नि फॅटच, पाणी जवळजवळ नाहीच. या वयात वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 45 ग्रॅमच्या आत हवी, 25 पर्यंत राहिली तर उत्तमच.

सेराडुरातली मारी बिस्किटं परवडतात, पण कंडेन्स्ड मिल्कमध्ये अर्ध्याहून जास्त साखरच, म्हणून ते निम्मं करा, थोडं क्रीम काढून चक्का घाला, वर मानकुराद आंब्याच्या फोडी, आणि छोट्या वाटीत द्या, आठवड्यातून एकदा.