वाचकांचे प्रश्न: पोलिसांकडून निघालेलं स्टेनलेस पिस्तूल

प्रश्न: पोलीस खात्याने मोडीत काढलेलं स्मिथ अँड वेसन ५९०६ इथल्या दुकानात स्वस्तात मिळतंय. स्लाइडवर (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) ओरखडेच ओरखडे आहेत. घ्यावं का? (ह्यूस्टन, टेक्सास)

ओरखडे दाखवून भाव पाडा, पण तेवढ्यावरून पिस्तूल नाकारू नका. पोलिसाचं हत्यार वर्षानुवर्षं होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) घासलं जातं, चालवलं जातं त्या मानाने फार कमी. त्यामुळे बाहेरून भिकारी आणि आतून ठणठणीत अशी पिस्तुलं पुष्कळ सापडतात. आरशासारखं चकाकणारं दिसलं तर उलट जरा संशय घ्या, कुणीतरी पॉलिशच्या चाकावर धरलेलं असू शकतं.

दुकानदाराची परवानगी घ्या. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाइड मागे अडकवा आणि चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीने खात्री करा. मग स्लाइड उतरवून फ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) रेल्स, म्हणजे स्लाइड जिच्यावरून सरकते त्या पट्ट्या, बघा. गुळगुळीत चमक चालेल. धातू ओरबाडून पुढे ढकलल्यासारखा दिसला तर मात्र सोडून द्या. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं घासलं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि ओरबाडले जातात. सत्तरच्या दशकात आलेलं एएमटी हार्डबॉलर हे स्टेनलेस पिस्तूल याच रोगाने बदनाम झालं. म्हणून रेल्सवर पातळ तेलापेक्षा ग्रीसचा हलका हात बरा.

पिस्तूल पुन्हा जोडून, रिकामंच, हॅमर (मागची हातोडी) मागे ओढा आणि सेफ्टीचा खटका खाली करा. हॅमर पडला पाहिजे आणि त्यानंतर ट्रिगर नुसता सैल हलला पाहिजे. मॅगझिन बाहेर असताना ट्रिगर दाबून हॅमर पडत नसेल तर तो बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. मात्र काही पिस्तुलांत ही सोय काढून टाकलेली असते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

नेम धरायच्या साइटवरचे रात्री चमकणारे ठिपके मंद दिसले तर पिस्तुलाला दोष देऊ नका. त्यातल्या ट्रिटियम या किरणोत्सारी वायूचं अर्धायुष्य १२.३ वर्षं असतं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. तीस वर्षांपूर्वीच्या ठिपक्यांत मूळच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी शिल्लक उरतं.

घरी आणल्यावर पहिला खर्च स्प्रिंगांवर करा. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) दमली की स्लाइड फ्रेमवर आदळू लागते आणि रिकामी पुंगळी नेहमीपेक्षा लांब उडते. मॅगझिनची स्प्रिंग दमली की शेवटची काडतुसं नाक खाली करून अडकतात, किंवा मॅगझिन रिकामं झाल्यावरही स्लाइड मागे थांबत नाही. बहुतेक वेळा ‘पिस्तूल अडकतं’ या तक्रारीचं मूळ मॅगझिनमध्येच निघतं.

प्रश्न: ५९०३, ५९०४, ५९०६, ५९४६ या आकड्यांत नेमका फरक काय? (टोरांटो)

पहिले दोन आकडे जात सांगतात: ५९ म्हणजे ९ मिमी, दुहेरी रांगेचं मॅगझिन. ३९ म्हणजे ९ मिमीच, पण एकेरी रांग. ४० आणि ४५ हे कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत. तिसऱ्या आकड्यावरून आकार आणि ट्रिगरची पद्धत कळते. ० म्हणजे पूर्ण आकार, पहिला दाब जड आणि पुढचे हलके. ४ म्हणजे प्रत्येक दाब सारखाच लांब. शेवटचा आकडा धातूचा: ३ म्हणजे ॲल्युमिनियमची फ्रेम आणि स्टेनलेस स्लाइड, ४ म्हणजे तीच फ्रेम आणि कार्बन स्टीलची काळी स्लाइड, ६ म्हणजे दोन्ही स्टेनलेस. तुमच्या कॅनडातल्या आरसीएमपीने (राष्ट्रीय पोलीस दलाने) वापरलं ते ५९४६. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने १९९० मध्ये घेतलेलं ४००६ याच घराण्यातलं. ५९०६ रिकामंच किलोच्या वर भरतं. कमरेला ते वजन जाचतं, पण नेमबाजीच्या रेंजवर त्याच वजनामुळे धक्का जाणवत नाही, आणि आमच्या मते हे पिस्तूल घ्यायचं खरं कारण तेच आहे.

प्रश्न: स्टेनलेस असूनही तांबडे ठिपके पडले. फसवणूक झाली का?

नाही. स्टेनलेस गंजतं, फक्त उशिरा. क्रोमियममुळे पृष्ठभागावर जो पातळ थर बनतो, तो घामातलं मीठ फोडतं. शिवाय आतल्या स्प्रिंगा आणि बरेच बारीक भाग साध्या पोलादाचे असतात. तेल लावून नायलॉनच्या ब्रशने घासा. लोखंडी तारेची घासणी नको: तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि मग तेच गंजतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल साठवून ठेवू नका, चामडं ओल धरतं.

प्रश्न: साफ केल्यावर ५९०६ ची स्लाइड परत चढतच नाही.

फ्रेमच्या मागच्या बाजूला तीन छोटे पत्रे उभे राहतात: इजेक्टर, फायरिंग पिन सेफ्टीचा लिव्हर आणि सिअर रिलीज लिव्हर. स्लाइड तिथे पोचली की तिन्ही बोटाने खाली दाबा, ती सरकते. जोर लावलात तर पत्रा वाकेल.

प्रश्न: मी एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. हे पिस्तूल विकत घेता येईल का? पुढे भारतात नेता येईल?

एच-१बीवर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सहसा बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून तपासून घ्या. मित्राच्या नावावर घेणं हा वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डनंतर ही अडचण राहत नाही, तरी न्यू जर्सीत हँडगन घ्यायला आधी परमिट लागतं आणि दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन चालत नाही, म्हणजे ५९०६ चं मूळ पंधराचं बाद. १९९४ ते २००४ या काळात मोठ्या मॅगझिनांवर असलेल्या संघीय बंदीमुळे निघालेली दहाची मॅगझिनं जुन्या बाजारात मिळतात, ती घ्या.

भारतात ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणाऱ्या कॅलिबरमध्ये) मोडतं, तेव्हा तो विचार सोडा. आणि रेंजवर नेलेली बॅग सुट्टीत मुंबईला येताना वापरू नका. अस्तराच्या शिवणीत एखादं काडतूस राहिलेलं असतं, आणि विनापरवाना तेवढं एक सापडलं तरी विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.